आधी नळी, मग बट्टी

आमच्या लॅबमध्ये रिझल्ट सावकाश येतात, किस्से मात्र रोज येतात! रिझल्ट जर्नलला जायला वर्षं लागतात. किस्सा सकाळी घडला तर दुपारी चहाच्या टपरीवर असतो आणि संध्याकाळी मी पिंप्राळ्यात घरी पोचायच्या आत बायकोला माहीत असतो. आता इतके साठलेत की कुठे तरी ओतायलाच हवेत.

लॅब म्हणजे जळगावच्या एका कॉलेजातली झूलॉजीची जुनी स्टोअररूम. महाजन सर गाइड, ज्योती त्यांची पीएचडीची विद्यार्थिनी, आणि मी टेक्निकल असिस्टंट. काम एका प्रोटीनवर. ते प्रत्येक माणसाच्या पेशींवर थोडंफार असतंच, पण तोंडाच्या कॅन्सरमध्ये वाढतं आणि लाळेत उतरतं. मग नुसत्या लाळेवरून कॅन्सर लवकर ओळखता येईल का? आणि ते प्रोटीन अडवलं तर कॅन्सरच्या पेशी मरतील का? ज्योतीचे काका याच आजाराने गेले. कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. त्यामुळे तिला या प्रश्नांची उत्तरं नुसती डिग्रीसाठी नको होती.

आणि सरांचं एक ठरलेलं वाक्य. कितीही चांगला रिझल्ट दाखवा, चष्म्यावरून बघून म्हणणार, "एकावरून काही सिद्ध होत नाही. परत कर!"

* * *

पेशी वाढवायची पेटी सदतीस डिग्रीला ठेवावी लागते. पहिल्याच मे महिन्यात खोलीच त्याच्या वर गेली आणि पेशी पटापट मेल्या. कंपनीचा इंजिनियर पुण्याहून आला. पेटी तपासून म्हणाला, "सर, मशीन ठणठणीत आहे. पण हे गरम करायचं मशीन आहे, गार करायचं नाही."

सर म्हणाले, "मग जळगावला विकलंत कशाला? गरम करायची सोय आमच्याकडे आधीपासून आहे!"

तो उन्हाळा आम्ही पेटीसमोर कूलर लावून काढला. पाणी भरायची ड्यूटी माझी.

* * *

ही बातमी टपरीमार्गे सराफ बाजारातल्या शेठजींकडे पोचली. ते एक दिवस स्वतः आले. "ते प्रोटीन काय म्हणता ते दाखवा तरी!"

ज्योतीने प्रोटीन वेगळं करायची जेलची पातळ, पारदर्शक वडी काढून दिव्यावर धरली. तिच्यावर निळी, बारीक, फिकट रेघ, तेच ते प्रोटीन. ती आणायला पोरीने अख्खा हिवाळा घालवला होता. शेठजी वाकून बघत राहिले. आता "एवढंच?" म्हणणार म्हणून मी मनातल्या मनात उत्तर तयार ठेवलं.

शेठजी सरळ झाले. "सोनं कसाला लावलं की आमच्याकडेही एवढीच रेघ येते. सगळं त्या रेघेवरच कळतं."

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये एसी बसला. माझी पाणी भरायची ड्यूटी संपली, म्हणून शेठजींबद्दल माझं मत तेव्हापासून फार चांगलं आहे.

* * *

मग लाळेचे नमुने गोळा करायचे ठरलं. पहिला कॅम्प ज्योतीच्याच गावी. नियम साधा, लाळ देण्याआधी काही खायचं नाही. ज्योतीने फोन करून करून गावभर सांगितलं होतं. आम्ही पोचलो तर मंदिरासमोर पंगत उठत होती! वरण, बट्टी, वांग्याची भाजी. सगळ्यांच्या मिशांना तूप.

सगळ्या गावाला जेवू घातल्याचं तिच्या आबांनी अभिमानाने सांगितलं, "बठ्ठास्ले जेवाडी ठेयेल शे! आते ल्या तुम्हनी थुकी!"

ज्योती रडायच्या बेतात. "आबा, उपाशी पाहिजे होते ना!"

आबांना तो शब्दच सहन झाला नाही. "आमना गावमा कोनी उपाशी बसत नही, माय!"

तरी लाळ घेतली, पण नळ्या उघडल्या तर ती पिवळीधमक. सगळ्या फेकल्या. मग आम्हालाही पंगतीला बसवलं, ते वेगळं. बट्टीवर तूप ओतून घेत सर म्हणाले, "पुढच्या वेळी आधी नळी, मग बट्टी!"

पुढच्या कॅम्पला फलकच तो लावला. बट्टीचं नाव ऐकून शेजारच्या गावांची माणसंसुद्धा रांगेत उभी राहिली! मोठ्या शहरांतल्या लॅबा नमुने मिळत नाहीत म्हणून रडतात. आमचा फ्रीज भरून वाहत होता. मला आजही याचा फार अभिमान आहे.

* * *

प्रोटीन अडवणारं औषध घातलं आणि काचेच्या डिशमधल्या कॅन्सरच्या पेशी पहिल्यांदा मेल्या, त्या दिवशी ज्योतीने पेढे आणले आणि आईला फोन लावला. "आई, मेल्या! बठ्ठ्या मेल्या!"

फोन स्पीकरवर होता. पलीकडून आई म्हणाली, "मरन्यात म्हनीसन कोनी पेढा वाटस का व माय?"

सरांनी पेढा तोंडात टाकला. "बरोबर आहे आईंचं. परत कर!"

* * *

निरोगी माणसांची लाळही तुलनेला लागते. मग आम्ही लॅबवाल्यांनीच दिली. सरांनीही दिली, हातातला अडकित्ता बाजूला ठेवून. सुपारीशिवाय सरांचं पान हलत नसे. कुठली नळी कोणाची हे फक्त मला माहीत, ज्योतीला फक्त नंबर.

एका नंबरचा प्रोटीनचा आकडा खूप वर आला. सर वैतागले. "निरोगी माणसाचा एवढा येतोच कसा? परत कर!"

तिने परत केला. तेवढाच आला.

"तुझं काही तरी चुकतंय. परत कर!"

ती पुन्हा नळी काढायला निघाली, तेव्हा मला राहवलं नाही. "सर, तो नंबर तुमचा आहे."

मग सर म्हणाले, "असं? मग तर नक्कीच परत कर."

ज्योतीने हातमोजे काढून टेबलावर ठेवले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती सरांना नाही म्हणाली. "नाही करणार, सर. आधी डॉक्टरांना तोंड दाखवा."

जिभेच्या कडेला, खालच्या बाजूला, छोटा पांढरा डाग होता. तपासणीत अगदी सुरुवातीचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी जिभेचा तुकडा काढला आणि म्हणाले, बरं झालं लवकर आलात. अडकित्ता आता माझ्या घरी आहे. सर बोलतात जरा सावकाश, पण बोलतात!

* * *

ज्योतीचा व्हायवा. शेवटच्या रांगेत आबा, आई, शेठजी, मी आणि सर. बाहेरून आलेले परीक्षक मोठे नावाजलेले. प्रबंध चाळत म्हणाले, "तुमची टेस्ट सुरुवातीचा कॅन्सर खात्रीने पकडते, असं म्हणाल?"

"खात्रीने नाही म्हणणार, सर. अजून पुष्कळ नमुने तपासावे लागतील."

परीक्षकांनी प्रबंध मिटला. "म्हणजे तुमचाच पूर्ण विश्वास नाही. मग दुसरं कोण ठेवणार या टेस्टवर विश्वास?"

शेवटच्या रांगेत खुर्ची सरकली. महाजन सर उभे राहिले.

"मी ठेवला," ते सावकाश म्हणाले. "पण एकावरून काही सिद्ध होत नाही. तिला परत करू द्या!"