वाढत्या अंगाचं माप

जाकीट माझ्या तोंडावर आलं. बटण डोळ्याला लागलं, डोळ्यातून पाणी आलं, आणि सगळ्या दुकानाला वाटलं टेलर रडला.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. शारजात, रोल्ला बाजाराच्या गल्लीतलं दुकान, मी तिथे टेलर. जाकीट फेकणारा उंटांच्या शर्यतीच्या फार्मवरचा मुकादम. आपल्याच देशातला. माझा गुन्हा एवढाच, की त्याने आणलेल्या पोराच्या जाकिटात शिवणीला दोन बोटं कापड जास्त ठेवलं. आमच्या म्हसळ्याला लहान पोराचं कापड वाढत्या अंगाचंच शिवतात. उसवलं की पुढच्या ईदला परत चालतं. हाताची सवय, दुसरं काय!

"ये एक्स्ट्रा कपडा किसलिये?"

"बच्चा बढेगा ना, साब."

"ये नहीं बढेगा. इसको बढने नहीं देते."

पोरगं स्टुलावर उभं होतं. सुदानचं. सहा-सात वर्षांचं, उंटावर बसवायला आणलेलं. पोर हलकं असलं की उंट जोरात पळतो, म्हणून अर्धपोटी ठेवलेलं. ते माझ्या डब्याकडे बघत होतं. मी चपाती पुढे केली. मुकादमाने ती उडवली.

दुकानाचे शेठ रत्नागिरीचे, माझीच भाषा बोलणारे. उठून आले. वाटलं, बाजू घेतील.

"पाय धर साहेबांचे. व्हिसा कोणाच्या नावावर आहे, विसरलास?"

धरले. गिऱ्हाईकं बघत होती, एक बाई हसली. मग तिथेच खाली बसून शिवण उसवली, जादा कापड कापलं, तंग शिवून दिलं. ते निघाले तेव्हा पोराला नाव विचारलं. "इद्रीस" म्हणालं.

लाज वाटली, पण भीती त्याहून जास्त. पोराला उपाशी ठेवून राबवणं मला नवं नव्हतं. नवव्या वर्षी मी म्हसळ्यात एका टेलरकडे काज-बटणाला बसलो. दुपारी अर्धाच भात. "पोट भरलं की पोरं पेंगतात," मास्तर म्हणायचा. बाप गप्प. मोहल्ला गप्प. एक माणूस बोलला नाही! ह्याचा मला आजही संताप येतो.

शेजारच्या अजमानला माझ्या खोलीखाली हलीमा राहायची. सुदानचीच, एका शाळेत सफाईला. तिला सगळं सांगितलं. ती रडलीबिडली नाही. मोडक्या हिंदीत म्हणाली, "हमारा गांव में एजंट का गाडी आता, सब औरत दरवाजा बंद करता. पानी भी नहीं देता."

तिच्या मुलखात पाण्याला नाही म्हणणं म्हणजे केवढं पाप! पण एजंटाबरोबर गेलेली पोरं परत आली नाहीत, तेव्हा बायकांनीच बसून ठरवलं. अजमानातले सुदानी लोकही दर शुक्रवारी जमायचे. कुठल्या फार्मवर कुणाचं पोर आहे ते हुडकायचे, आणि ते पोर गावी परत जाईपर्यंत सगळे मिळून सुदानच्या वकिलातीच्या दारात बसायचे. त्यासाठी आधी पोराचं नाव लागायचं. मी इद्रीसचं सांगितलं.

त्यांनी शोध सुरू केला. पोर सापडायच्या आधीच शर्यतींचा पुढचा सीझन आला, आणि मुकादम पुन्हा दुकानात. सोबत दुसरं पोर.

"पुराना नाप से बना दे."

"इद्रीस किधर है?"

"गिर गया. खलास."

एवढंच. दात कोरत बोलला.

नवं पोर स्टुलावर चढायला लागलं. मी स्टूल ओढून घेतलं.

"नहीं सियूंगा."

"पाय धर!" शेठ ओरडले.

"नाही धरणार, शेठ. व्हिसा कॅन्सल करा. खुशाल करा!"

मग पोरासमोर वाकलो आणि मोठ्याने विचारलं, "शू इस्मक?" नाव काय तुझं?

"उस्मान."

त्याच संध्याकाळी ते नाव हलीमाच्या कानावर घातलं. व्हिसा गेला. मी विमानात बसलो तेव्हा उस्मान फार्मवरच होता आणि हलीमाची माणसं वकिलातीच्या दारात बसली होती. पुढचं मला कळलं नाही.

आता म्हसळ्यात माझं दुकान आहे. इथेही एजंट येतात. गोड बोलून पोरं शहरातल्या हॉटेलांत, कारखान्यांत नेतात. एजंट गल्लीत शिरला की मी शटर ओढतो. पाण्याचा थेंब देत नाही. लोक म्हणतात, पाहुण्याशी असं वागतात का? वागतात. इद्रीसचं जाकीट ह्या हातांनी तंग केलंय.

एजंट आला की गल्लीतली सगळी दारं अजून बंद होत नाहीत. होईपर्यंत मी एकेक दार ठोठावणार आहे.