सुरगाण्याच्या डोंगरातली भाकर

आदल्या संध्याकाळी आम्ही नवरा-बायकोनं ओट्यावर बसून कोथिंबिरीच्या जुड्या बांधल्या. "केवढ्या जाड बांधताय! गिऱ्हाईक काय जावई लागतं तुमचं?" ती म्हणाली. सकाळी ती उठलीच नाही.

बायको येशूला मानायची. आमच्या मळ्यात दर वर्षी कामाला येणाऱ्या सुरगाण्याच्या यमुनानं तिला तो रस्ता दाखवला होता. मी नारळ फोडणारा माणूस. मला एवढंच विचारायचं होतं, माझी बायको गेली कुठं? दसरा झाला आणि यमुनाकडं निघालो.

नाशकाहून एसटीनं वणी, पुढं जीप. जीपमध्ये माणसं कोंबलेली. माझ्या मांडीवर एका बाईची कोंबडी. घाटात कोंबडीनं धोतर घाण केलं.

"शुभ असतं, बाबा," बाई म्हणाली.

"मग तुझ्याच मांडीवर घे की!"

घाट चढल्यावर मात्र रान मोकळं झालं. उतारावर नागली (नाचणी) पिकून तांबूस झाली होती. यमुनानं घरी त्याच नागलीची भाकर आणि उडदाचं कालवण वाढलं. भुकेला गोड लागलं.

रविवारी तिच्याबरोबर प्रार्थनेला गेलो. कुडाचं घर, वर कौलं. पाळकानं (त्यांच्या गुरुजीनं) येशूच्या आठवणीत खायच्या भाकरीचे तुकडे ताटलीत घालून फिरवले. मीही एक घेतला, कपाळाला लावला आणि उपरण्याच्या टोकाला बांधला.

"बाबा, हे काय?" यमुनानं विचारलं.

"प्रसाद. घरी तिच्या फोटोपुढं ठेवतो."

बायका हसल्या. यमुना हसली नाही. "मावशी तिकडं देवाच्या पंगतीला बसलीय. तिला तुमचा तुकडा कशाला?"

ती गेल्यापासून मी रडलो नव्हतो. तिथं परक्या माणसांत रडलो.

पाळकानं तुकडा हळूच परत मागितला. "विश्वास धरून बाप्तिस्मा घेतला, की ही भाकर तुमचीबी."

"विश्वासाचा उजेड मला तर काही दिसला नाही."

"पहाटेचा उजेड तुम्ही आणता का? तो येतो. तुम्ही दार उघडायचं."

"माझी कडी गंजलीय."

"ठोकून काढू!" यमुना म्हणाली.

परतताना जीपमध्ये तेच घोळत होतं. जन्मभर मी देवाकडं काही ना काही घेऊन गेलो, नारळ, फुलं, नवस. ही माणसं म्हणतात, तोच आपल्याकडं येतो, आपण रिकाम्या हातानं बसायचं. सगळं कळलं असं नाही. पण बायकोची काळजी उतरली. आता माझीच उरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेथीला पाणी धरलं आणि बांधावर चपला काढून उभा राहिलो. प्रार्थना येत नव्हती. मोठ्यानं म्हणालो, "देवा, मी तिचा नवरा. मलाबी तुझ्या पंगतीला बोलव."