उशाशी एक, पायाशी एक

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही — तो बिचारा न ऐकताच गेला — आणि प्रार्थनेत देवालासुद्धा नाही. त्याला काय सांगायचं? तो तिथे होताच. तुम्हाला सांगते.

आता दात गेले, गुडघे गेले, पण त्या काळची मी आठवले की मलाच हसू येतं. अंबरनाथ पूर्वेला आमच्या चर्चच्या मंडळीत मी म्हणजे प्रभूचं चरित्र लिहिणाऱ्या चौघांनंतरची जणू पाचवी शुभवर्तमानकार! महिला सभेत बायका बायबलमधली कोडी घेऊन यायच्या आणि मी, चष्मा नाकावर, पदर खोचून, ती सोडवायची. फिरून फिरून एकच कोडं यायचं — प्रभूच्या रिकाम्या कबरीपाशी देवदूत किती होते? मत्तय आणि मार्क एक सांगतात, लूक आणि योहान दोन. मग खरं कोणाचं? मी बोट वर करायची. "अगं, एक दिसला म्हणणाऱ्याने दुसरा नव्हता असं म्हटलंय का? ज्याला जेवढं दिसलं तेवढं त्याने लिहिलं." बायका माना डोलवायच्या. मी घरी येऊन आरशात बघायची. केवढी ती मिजास!

माझी धाकटी जाऊ एस्तेर मात्र सभेत पेंगायची. उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये, जीन्सच्या कारखान्यात दिवसभर धागे कापून यायची — पेंगणारच. मी सगळ्यांदेखत टोमणा मारायची, "एस्तेरबाई, स्वर्गाचं दार उघडेल तेव्हाही तू घोरत असशील." ती हसायची. मग एका हिवाळ्यात तिची मनू तापाने गेली. एवढीशी पोर, नुकती वाक्यं जोडायला लागलेली. एस्तेरचं हसणं संपलं. तिचा एकच प्रश्न, भाकरी थापतानासुद्धा — "अक्का, मनू अंधाराला भ्यायची. आता तिच्याजवळ कोण असेल?" मी बायबलमधली वचनं म्हणून दाखवायची. ती ऐकून घ्यायची आणि पुन्हा तेच विचारायची.

ईस्टरच्या आदल्या दिवशी आमच्यातल्या बायका आपापल्या माणसांच्या कबरींना चुना लावतात. आम्ही मनूच्या छोट्या कबरीला लावला. उरलेला चुना आणि कुंचा तिथेच झाडाखाली ठेवला. दुसऱ्या दिवशी पहाटे मंडळी मेणबत्त्या घेऊन, गात गात कबरस्तानात येते. एस्तेरला सगळ्यांच्या आधी पोचायचं होतं. तिला एकटीला कसं सोडणार? मी बॅटरी घेऊन सोबत गेले.

फाटक ढकललं. तिथली कुत्री एरवी अंगावर येतात. त्या दिवशी ती कबरींच्या मधे मधे बसली होती, एकही भुंकेना — सगळी एकाच दिशेला तोंड करून. आणि मनूच्या पायाशी कोणीतरी बसलं होतं. पांढरं. गुडघे पोटाशी घेऊन — कबर लहान म्हणून अंग चोरून बसावं तसं. बॅटरीचा उजेड त्याच्यावर पडला, पण मागे सावली पडली नाही. मग त्याची मान हळूहळू आमच्याकडे वळू लागली — आणि मी डोळे मिटले. हो, मी! पाचवी शुभवर्तमानकार! उशाकडे बघण्याची माझी छातीच झाली नाही.

डोळे उघडले तेव्हा कोणी नव्हतं. एस्तेर रडत होती आणि हसत होती. "दोघं होते, अक्का! एक उशाशी, एक पायाशी! पाहिलंत ना तुम्ही?" आणि उत्तराला न थांबता, लांबून गाणं ऐकू येत होतं तिकडे ती पळत सुटली.

मी कबरीजवळ गेले. आता — इथेच माझी जीभ अडते. चुना दोन ठिकाणी निघाला होता. एक उशाला, एक पायाला. कोणी बसून उठलं की निघेल तेवढा. मी हात ठेवला. बाकी सगळा दगड दवाने गार, आणि त्या दोन जागा कोमट. नुकतंच कोणी उठून गेल्यावर बाकडं असतं ना, तशा.

मग मी काय केलं? गुडघे टेकले? छे. झाडाखालची बादली ओढली आणि दोन्ही जागांवर चुना फासला. भीतीने केलं म्हणाल. भीती होतीच. पण खरं सांगू? कुंचा फिरत होता तो रागाने — चारही शुभवर्तमानं पाठ केली मी, आणि मला एक, त्या पेंगणारीला दोन?

मंडळी आली. पाळकसाहेबांनी विचारलं, "बाई, तुम्ही काय पाहिलं?" एस्तेर माझ्या तोंडाकडे बघत होती. इतकी वर्षं सभेत जे ऐटीत सांगितलं तेवढंच सांगायचं होतं — मला एक दिसला, हिला दोन. चुन्याने भरलेला हात पदराखाली चुरचुरत होता. मी म्हटलं, "काही नाही. ओला चुना चमकत होता. पोरीच्या दुःखाने हिला भास झाला."

आणि एकदम कुत्री भुंकू लागली.

पुढे बायकांनी तिला किती छळलं! "काय गं एस्तेर, आज किती आले? एकाला जरा रेशनच्या रांगेत उभा कर की!" मीही हसले त्यांच्यात. आधी ती भांडली. मग नुसतं "दोघं होते" म्हणायची. मग तेही थांबलं. मंडळीत येणं सुटलं, बिऱ्हाड बदलापूरला गेलं. मी अजूनही दर ईस्टरला पहाटे जाते. आता उशाकडेसुद्धा बघते. काही नसतं.

गेल्या वर्षी मी तिच्याकडे गेले — सांगायचंच, असं ठरवून. तिने चहा ठेवला. मी तोंड उघडणार तोच ती म्हणाली, "अक्का, तेव्हा तुम्ही स्पष्ट बोललात म्हणून मी शुद्धीवर आले. नाहीतर जन्मभर तेच धरून बसले असते. कोणी नव्हतं तिथे. एकटीच होती माझी मनू." आणि माझ्याकडे बघत राहिली. चहा उतू गेला तरी बघत राहिली.

मला सांगता आलं असतं.

मी म्हटलं, "हो गं. एकटीच होती."