धुरपताबाईचं कंबरभर पाणी

धुरपताबाईनं तलावात औषध टाकून मासोळ्या मारल्या, असं गावात अजून बोललं जातं. चौकातल्या पानठेल्यावर तर बाटलीचा रंगही सांगतात. कोणी हिरवी म्हणतो, कोणी निळी. मी तिचा शेजारी. आमच्या दोघांच्या आवारांमध्ये एक कुंपण आहे आणि त्याला कान लावण्यापुरतं भोक आहे. त्यामुळे खात्रीनं सांगतो, बाटली नव्हती. मासोळ्या आम्ही धानवाल्यांनी मारल्या. आम्ही म्हणजे मुख्यतः मी.

धुरपताबाई ढिवराची, मासेमाऱ्यांच्या घरची. नवरा गेला, राहिला एक मुलगा, विक्की. गावच्या मामा तलावात, म्हणजे मालगुजारांच्या काळातल्या जुन्या तलावात, मरळ मिळेनाशी झाली तसा तो हैदराबादेला सिमेंटची पोती उचलायला गेला. जाताना म्हणाला, "मासोळी आली का फोन कर माय. त्याच दिवशी गाडीत बसतो." एवढ्या बोलण्यावर बाईनं चार वर्षं काढली.

रिकामी मात्र बसली नाही. आधी ढिवरांच्या बाया जमवून तलावात माजलेली बेशरमची झुडपं मुळासकट उपटली. बाया बेशरम काढायला निघाल्यात हे ऐकून मी दोन दिवस घराबाहेर पडलो नाही. मग जंगलाकडून पाणी आणणारा नाला मोकळा केला. वरच्या उतारावर आमच्यातलाच धानवाला टिकाराम नांगर घालायचा, तिथली माती दरवर्षी वाहून तलावात यायची. त्याला भर सभेत म्हणाली, "तलाव का तुमचा उकिरडा हाय?" टिकारामनं तोंड वाकडं करून दोन बांध घातले.

मागच्या उन्हाळ्यात गाळ काढायचं ठरलं. ट्रॅक्टर तुडुमापर्यंत, म्हणजे पाणी सोडायच्या दगडी तोंडापर्यंत, सहज जायचा. म्हणून आम्ही सगळा गाळ तिथलाच उपसला आणि आपापल्या धानाच्या बांध्यांत नेला. आषाढात बायांनी उथळ बाजूला देवधान, चिला अशा पाणगवतांची मुळं रोवली. धानाचा रोवणा करतात तशीच, वाकून, ओळीनं. मरळ अशा गवतातच पिल्लं सांभाळते. बाया तलावात तण रोवतात म्हणून गाव हसलं. मी सगळ्यांत जोरात.

ग्रामसभेत एक गोष्ट मात्र कबूल झाली : कंबरभर पाणी तलावात ठेवायचं, त्याच्या खाली तुडूम उघडायचा नाही. हे माप आमच्याकडे जुनं. तुडुमाजवळ माणूस उभा करायचा, पाणी कंबरेला आलं की तुडुमाच्या तोंडात डाट बसवून पाणी बंद करायचं.

भादव्यात गवतात मरळीच्या लाल पिल्लांचा झुबका दिसला. त्या दिवशी भोकातून ऐकलं, "बाबू, आली रे. दिवाळीले ये." पुढचं बोलणं नाक ओढण्यात गेलं.

दिवाळीच्या तोंडावर धान निसवला आणि पाऊस गडप झाला. धुरपताबाई तेव्हा तलावात लावायला कमळाचे कांदे आणायला नवेगाव बांधला बहिणीकडे गेली होती.

टिकाराम म्हणाला, "केशोरावभाऊ, धान फोल होऊन राहिला. उभे राहा मापाले."

मी उतरलो. पाणी छातीला होतं. तुडूम खोलला, मी आत उभा राहून गमती करत राहिलो.

"कंबर आली का जी?"

"माह्यी कंबर लाजते, लवकर दिसत नाही!"

काठावर लोक हसून लोळत होते. पाणी उतरत उतरत बरोबर माझ्या कंबरेला आलं, तेव्हा मीच ओरडलो, "बस!" डाट बसली. ठरल्याच्या खाली आम्ही बोटभर गेलो नाही.

फक्त मी उभा होतो तो आम्हीच उपसलेल्या खड्ड्यात. कंबरभर पाणी खड्ड्यात राहिलं. उथळ बाजूला चिखल.

तिसऱ्या दिवशी धुरपताबाई बसमधून उतरली. कांद्यांचं बोचकं काठावर ठेवून गुडघाभर चिखलात शिरली. तिच्या ओळी आडव्या पडल्या होत्या. पिल्लं बगळ्यांनी नेली, उरली ती उन्हात चिकटली होती. एक मोठी मरळ अजून तोंड उघडझाप करत होती. तिला पदरात धरून खड्ड्यापर्यंत नेलं. पाण्यात सोडली तशी ती उलटी झाली. बाईनं काठावरचं बोचकं उचललं आणि घराची वाट धरली.

विक्की दिवाळीला आला नाही. तिकडच्या मुकादमाला त्यानं आणखी दोन वर्षांचा शब्द दिला, हेही भोकातूनच कळलं. औषधाची गोष्ट त्याच आठवड्यात सुरू झाली. टिकारामनं काढली की मी, ते मला आठवत नाही. न आठवणं सोयीचं आहे.

यंदा वैशाख लागताच तिच्या आवारात पुन्हा मुळांच्या जुड्या दिसू लागल्या. मला राहवलं नाही. कुंपणावरून मान काढून विचारलं, "धुरपताबाई, यंदा मापाले कोनाले उभं करान?"

तिनं जुडी बांधता बांधता मान वर न करता सांगितलं, "तुमालेच करीन, भाऊजी. पन मी रोवलं तिथं. अन् कंबर कोरडी दिसली, तर पानी परत चढेपर्यंत तिथून हालू देनार नाही."