आयोवाच्या बर्फात ताईची उमेदवार

दीड दिवसाच्या प्रवासाला माझे गुडघे राजी नव्हते, पण सुलभाताईनं तिकीटच पाठवलं. ताई तीस वर्षं अमेरिकेत आयोवाला राहते, तिथली नागरिक आहे. फोनवर म्हणाली, "नंदा, या वेळी येच. राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार निवडायची धामधूम आमच्याकडून सुरू होते."

नाशिकहून टॅक्सी केली, साडेचार हजारांत. कसारा घाटात ट्रकांमागे तासभर अडकलो. मग विमानं, आणि शिकागोहून ताईच्या गाडीतून पाच तास. दोन्ही बाजूंना मका काढून नेलेली शेतं, त्यांवर बर्फ. जानेवारीत जाणार असाल तर इकडचे स्वेटर नेऊ नका. बॅग भरते, थंडी अडत नाही.

ताईची उमेदवार पूर्वी शाळेत शिकवणारी. तिच्या प्रचाराला तीन दिवस आम्ही दारोदार हिंडलो. लोक पत्रक घ्यायचे, बाईंचं कौतुक करायचे आणि दार लावायचे. रात्री बूट काढताना माझी बोटं बधिर झालेली असत.

चौथ्या दिवशी ताईनं निधी जमवायला घरीच बैठक ठेवली. सकाळपासून आम्ही बटाटेवडे तळले. पंचवीस खुर्च्या मांडल्या, माणसं आली अकरा. शेजारचे म्हातारे शेतकरी तिसरा वडा संपवत म्हणाले, "सगळ्यांत हुशार तीच आहे."

"मग देणगी?" ताईनं विचारलं.

"ती जिंकायची नाही, सुलभा. माझे पैसे जिंकणाऱ्याला."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला राहवेना. पर्समधून वीस डॉलरची नोट काढली, तर ताईनं हात धरला. "ठेव ती. परदेशी पाहुण्यांचे पैसे प्रचाराला घेत नाहीत इथे, कायदाच आहे तसा."

दोन दिवसांनी बाईंनी टीव्हीवर माघार जाहीर केली. पैसे संपले होते. ताई सोफ्यावर बसून राहिली. मी म्हटलं, "तुझ्याकडून तू सगळं केलंस."

"नाही गं," ती खालच्या आवाजात म्हणाली. "या महिन्याची माझी देणगी मी पुढे असलेल्या दुसऱ्या उमेदवाराला पाठवली. वाटलं, हिचं काही खरं नाही."

मी चहा ठेवला.

परत येऊन पंधरा दिवस झाले. झोपेचं चक्र अजून उलटंच आहे. जागी असले की निर्मला आठवते. मागच्या महापालिका निवडणुकीत आमच्या प्रभागात अपक्ष उभी होती. भाजी विकते, आणि नळाला पाणी नसलं की टँकरसाठी तीच भांडते. मतदानाच्या आदल्या दिवशी मी तिला म्हणाले होते, "तूच यायला हवीस." दुसऱ्या दिवशी बटण मात्र दाबलं मोठ्या पक्षाच्या माणसाचं. मत वाया कशाला घालवायचं!

काल तिच्याकडे मेथी घ्यायला गेले. "कशी हाय मावशी अमेरिका?" तिनं हसून विचारलं.

"लांब आहे गं," मी म्हणाले, आणि सुट्टे पैसे न घेताच निघाले.