काळ्या फडक्यातली बाटली

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, कॉलेजातल्या मित्रांना नाही. ज्यांना सांगायलाच हवं होतं त्यांना तर नाहीच. लोक म्हणतात, सर फार मोजकं बोलतात. त्यांना काय माहीत — एकदा एक वाक्य जास्तीचं बोललो, आणि तेव्हापासून मोजतोय.

मी नांदेडच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. पन्नाशी ओलांडली. काही वर्षांपासून एकच काम धरून बसलोय — सोन्याचे कण करायचे, इतके बारीक की सोनं दिसतच नाही, डाळिंबाच्या रसासारखं लाल पाणी तेवढं दिसतं. त्या कणांना कॅन्सरचं औषध चिकटवायचं. कण गाठीत पोचले की वरून ठरावीक प्रकाश टाकायचा. कण तापतात, औषध तिथल्या तिथं सुटतं, बाकीच्या शरीराला झळ कमी. कल्पना चांगली आहे, अजूनही म्हणतो. पुष्कळ शहाणी माणसं तिच्यामागं राबतायत. पण माझं काम कुठवर आलं होतं? काचेच्या नळीपर्यंत. प्रकाश टाकला तर औषध किती सुटतं आणि नाही टाकला तर किती, एवढंच मी मोजत होतो. माणूस सोडा, उंदरापर्यंतही पोचलो नव्हतो.

आणि हे मला तेव्हाही नीट ठाऊक होतं. पुढचं वाचताना तेवढं विसरू नका.

एका स्थानिक पेपरात फोटोसकट बातमी आली — नांदेडच्या प्राध्यापकानं कॅन्सरवर प्रकाशाचं औषध शोधलं. 'शोधलं'! बातमीदाराचा नंबर माझ्याकडं होता. एक फोन करायचा होता, अहो, असं काही नाही म्हणून. केला नाही. त्या दिवशी स्टाफरूममध्ये चहाचा पहिला कप माझ्यापुढं आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. हसाल तुम्ही, पण तो चहा मला गोड लागला. तिकडं दाजींनी कात्रण लॅमिनेट करून बैठकीत लावलं.

दाजी म्हणजे अक्काचे यजमान. आणि अक्का — माझी थोरली बहीण, चाकूरजवळच्या एका गावात दिलेली. आठवी ते दहावी मी तिच्याच घरी राहून शिकलो. तिची ओळख म्हणजे तिचं तोंड. पंचक्रोशीत कुठं सोयरीक अडली की अक्काला बोलावणं जायचं. मुलाकडचे ताठून बसले की ही पदर खोचून म्हणायची, "पाव्हणं, शेत किती हाय ते लई सांगितलं. आता पोरगं किती हाय ते सांगा." सगळी बैठक हसायची आणि लग्न जमायचं. सकाळ-संध्याकाळ मिश्री लावायची. मी कधी टोकलं की म्हणायची, "तू तुझी पोरं शिकीव, माझे दात नको शिकवूस."

त्याच तोंडात, गालाच्या आत, न बरी होणारी जखम निघाली. तपासणीचा कागद आला तेव्हा मी नांदेडहून एसटीनं लातूरला गेलो. दाजी होते, भाची सुमन फाईल छातीशी धरून उभी होती. डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. गाल आणि जबड्याचा तुकडा काढावा लागेल, म्हणाले. गाठ अजून लहान आहे. महिन्याच्या आत ऑपरेशन झालं तर चांगली आशा आहे. मग त्यांनी विचारलं, "सर, तुमच्या त्या प्रकाशाच्या औषधाचं नाव घेऊन राहिल्यात त्या. ते पेशंटला देण्यासारखं आहे का?"

"नाही हो," मी म्हणालो. "अजून नळीतच आहे."

बघा — खरं बोलता येत होतं मला. अडखळलोसुद्धा नाही.

"मग तुम्हीच समजवा त्यांना. तुमचं ऐकतील."

बाहेर आलो. अक्का बाकड्यावर बसली होती, पदर तोंडावर. तिनं वर बघितलं. "बाळू, अर्धं तोंड काढत्यात म्हनं. मग म्या बोलू कशानं?" आणि लगेच, माझा हात धरून — "तू काय करून राहिलास रे? पेपरात आलंय न्हवं तुझं?"

दाजी बघत होते. सुमन बघत होती. मी काय म्हणायला हवं होतं? तेच, जे दोन मिनिटांपूर्वी आत म्हणालो होतो. तीन शब्द. पण त्या तीन शब्दांनी बैठकीतलं ते कात्रण खोटं ठरलं असतं. मी म्हणालो, "करून राहिलो, अक्का. दिवाळीपर्यंत होईल."

आमच्या बोलीतला हा प्रयोग फार सोयीचा. करून राहिलो — म्हणजे काम हातात आहे. संपलं असंही नाही, संपेल असंही नाही. कितीतरी दिवस मी स्वतःला सांगत होतो की पहिलं अर्धं तर खरं होतं! करूनच राहिलो होतो की मी! पण तिनं काय विचारलं होतं? माझ्यासाठी करून राहिलास का, हे विचारलं होतं. ते मला कळलं नव्हतं का? कळलं होतं. आणि ती दिवाळी? ती कुठून काढली मी?

ऑपरेशनची तारीख तिनं घालवली. सुमनचा फोन आला, "मामा, आई म्हनती भावाचं औषध येऊ द्या, मग बघू." तेव्हा तरी बोलायचं! मी म्हणालो, "डॉक्टरांचंही ऐका." डॉक्टरांचं'ही'. त्या 'ही'मध्ये मी लपलो.

दसऱ्याच्या सुमारास गावी गेलो तर म्हणाली, दाखव तरी तुझं औषध. पुढच्या खेपेला मी एक छोटी बाटली घेऊन गेलो. तिच्यात कॅन्सरचं औषध नव्हतंच — सोन्याचे कण आणि पाणी. खिडकीशी धरून तिला तो लाल रंग दाखवला, उजेड पडला की औषध कसं सुटतं ते सांगितलं. मास्तर ना मी, शिकवायला लागलो. तिचा तो चेहरा... गाल सुजला होता, तरी हसली. "राहू दे माझ्यापाशी," म्हणाली. मी राहू दिली.

दिवाळी झाली. तोवर गाठ मानेत उतरली होती. आता कापून उपयोग नाही, असं लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. आणि माझ्याकडं नुसतं बघितलं. शेवटी अक्काला बोलता येत नव्हतं. जे वाचवायला ती थांबली होती, तेच आधी गेलं. संक्रांतीआधी ती गेली.

तेराव्याला, माणसं जेवून उठत होती तेव्हा, सुमननं ज्वारीच्या कोठीत हात घालून एक गाठोडं काढलं. काळ्या खणाच्या तीन घड्या. आत बाटली. "मामा, हे तुमचं. आईनं उजेड लागू दिला न्हाई. म्हनायची, उगं उजेडात औषध सुटलं तर वाया जाईल. बाळू येऊन लावील तवाच उघडायचं." मग ती जमलेल्या बायांकडं वळून म्हणाली, "लई केलं मामानं. जरा उशीर झाला, एवढंच."

मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, भाऊ रडतोय.

वेळेत ऑपरेशन झालं असतं तर ती वाचली असती का? खात्रीनं कुणीच सांगू शकणार नाही. या 'सांगता येत नाही'च्या आडोशाला मी दोन वर्षं काढली. आता तिथून उठलोय. तिला जी संधी होती ती होती, आणि ती माझ्या बोलण्यानं गेली. दाजींच्या बैठकीतलं कात्रण मी मागून घेतलं — जपून ठेवतो म्हणालो, म्हणजे तिथंही खोटंच. काम सोडलेलं नाही, सोडणारही नाही. पण हल्ली कुठं बोलायला उभा राहिलो की पहिलं वाक्य हेच : हे अजून नळीत आहे. श्रोते हिरमुसतात. हिरमुसू देत. यानं काही फिटलं, असं मात्र मी समजत नाही. परक्यांपुढं खरं बोलणं मला तेव्हाही जमत होतंच.

सुमन आता चाकूरला शाळेत शिकवते. तिच्या शाळेतल्या पोरांनाही ती मामाच्या औषधाची गोष्ट सांगते, असं ऐकतो. येत्या रविवारी सकाळच्या लातूर गाडीनं मी चाकूरला उतरणार आहे. बाटली पिशवीत भरून ठेवली आहे, खण काढून.

तिला मी एवढं देणं लागतो : तुझ्या आईसाठी औषध नव्हतं, दिवाळीपर्यंत होणारही नव्हतं, आणि त्या बाकड्यापाशी उभा होतो तेव्हा हे मला माहीत होतं.