चार चाकं, चार लिंबं

“मॅडम, बर्फात चालेल ना?”

हा प्रश्न आला तेव्हा मी एका गाडीखाली पाठीवर पडले होते. बाहेर बत्तीस डिग्री तापमान होतं. सिंगापूरच्या आंग मो किओ भागातल्या एका युज्ड कार डीलरच्या यार्डात मी टॉर्च घेऊन गाडीच्या पोटाकडे बघत होते आणि माझ्या कानाशी हेमंत करंदीकरांचे पॉलिश केलेले काळे बूट अस्वस्थपणे हलत होते. ते लंच टाइममध्ये पाया लेबारच्या ऑफिसमधून थेट तिथे आले होते.

“बर्फाचं नंतर बघू,” मी म्हणाले. “आधी मला हिचा शाफ्ट सापडू दे.”

शाफ्ट सापडला नाही, कारण तो नव्हताच.

साध्या गाडीत इंजिनाची ताकद दोनच चाकांना मिळते, बहुतेक वेळा पुढच्या. ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडीत ती चारही चाकांना मिळते. निसरड्या रस्त्यावर दोन चाकं घसरली तरी उरलेली दोन गाडी पुढे रेटतात. त्यासाठी गाडीच्या पोटाखालून, पुढून मागे, एक लांब लोखंडी दांडा जातो. तो प्रॉपेलर शाफ्ट. इथे त्या जागी नुसती हवा होती. मी बाहेर आले आणि डिकीवरच्या चकचकीत ‘एडब्ल्यूडी’ या अक्षरांची कड नखाने उचलली. अक्षरं चिकटवलेली होती.

डीलर शांतपणे सिंगापुरी इंग्रजीत म्हणाला, “प्रीव्हियस ओनर लाइक द लुक, लाह.”

करंदीकर ऑडिटर आहेत. त्यांनी खिशातून पेन काढलं, यादीतल्या पहिल्या गाडीवर काट मारली आणि वेळही लिहिली. या माणसाबरोबर आपले दिवस कसे जाणार आहेत, ते मला तेव्हाच कळायला हवं होतं.

माझं काम वापरलेल्या गाड्या तपासण्याचं. चिंचवडला एका गिअर कारखान्यात क्वालिटी डिपार्टमेंटला होते, लग्नानंतर सिंगापूरला आले, आणि गेली सोळा वर्षं इथे मिस्टर गोह यांच्या छोट्या इन्स्पेक्शन कंपनीत आहे. गाडी विकत घेण्याआधी लोक आमच्याकडे येतात. मी गाडी बघते, रिपोर्ट लिहिते, खाली सही करते. माझ्या सहीला या धंद्यात थोडी किंमत आहे. ती कशी जाता जाता राहिली, त्याचीच ही गोष्ट.

करंदीकर राहायचे बिशानला. त्यांची बायको वृंदा फिजिओथेरपिस्ट. तिला न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर एका छोट्या गावात नोकरी मिळाली होती. जूनच्या पहिल्या सोमवारी हजर व्हायचं होतं, आणि तिकडे हिवाळा जूनमध्येच सुरू होतो. घरापासून क्लिनिक बावीस किलोमीटर. मध्ये एक घाट. बस नाही. शिवाय घर गरम ठेवायला लाकडाची शेगडी, आणि लाकडं आपली आपण ट्रेलरवर घालून आणायची. म्हणून बर्फात चालेल आणि हलका ट्रेलर ओढेल अशी गाडी हवी होती. चालवणार वृंदा, निवडणार करंदीकर.

“अहो, तिकडे जाऊन घ्या,” मी त्यांना तीनदा सांगितलं. “तिथल्या लोकांना बर्फातल्या गाड्या कळतात. मी बर्फ फक्त फ्रीजमध्ये बघितलाय.”

“तिकडे आपलं माणूस कुठे आहे?” ते म्हणाले. “इथे तुम्ही आहात.”

आपलं माणूस म्हटलं की आपण विरघळतो. मीही विरघळले.

दुसरी गाडी खरी निघाली. सात वर्षांची, चंदेरी, एका निवृत्त शिक्षकांनी अगदी जपून वापरलेली. शाफ्ट जागेवर होता. चारही टायरच्या खाचांची खोली मी पट्टीने मोजली, कारण ऑल-व्हील गाडीत चारही टायर सारखे झिजलेले लागतात. एक नवा आणि तीन जुने असले की चाकं वेगवेगळ्या गतीने फिरतात आणि मधली यंत्रणा उगाच तापून मरते. गिअरबॉक्सचं तेल बघितलं. ट्रेलर ओढताना सगळ्यात जास्त तेच तापतं. ते लाल होतं, जळका वास नव्हता.

“ट्रेलरवर किती लाकडं नेता येतील?” करंदीकरांनी विचारलं.

“कंपनीने ओढायचं वजन ठरवून दिलंय, त्याच्या आत. लाकडं सुकी की ओली?”

ते विचारात पडले. “त्याने फरक पडतो?”

“ओलं लाकूड पुष्कळ जड असतं.”

त्यांनी वहीत लिहिलं : लाकूड, ओलेपणा, खात्री करणे.

अडलं ते कूलंटपाशी. इंजिन थंड ठेवायला त्याच्याभोवती जो द्रव फिरतो, तो कूलंट. त्यात न गोठणारं रसायन मिसळलेलं असावं लागतं. सिंगापूरमध्ये काहीच गोठत नाही, त्यामुळे काही लोक बिनदिक्कत पाणी ओततात. पण पाणी गोठताना फुगतं, आणि इंजिनाच्या आत फुगलं तर इंजिनच तडकतं. माझ्याकडे एक छोटी नळी असते, दुर्बिणीसारखी. तिच्या काचेवर थेंब टाकला की तो द्रव किती थंडीत गोठेल ते दिसतं. मी बघितलं. जवळजवळ शुद्ध पाणी.

“पण हिरवं आहे की!” करंदीकर म्हणाले.

“पोपटही हिरवा असतो.”

“तुमच्या यंत्राचं कॅलिब्रेशन कधी झालंय?”

सोळा वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. मी सरळ दोन बाटल्या भरल्या, एकीत गाडीतला द्रव, दुसरीत मी मिसळलेलं योग्य कूलंट, आणि बिशानला त्यांच्या घरी जाऊन फ्रीझरमध्ये ठेवल्या. एका बाजूला मटार, दुसऱ्या बाजूला ओल्या नारळाचा चव. वृंदाने दोन्ही बाटल्यांवर मोठ्या अक्षरात ‘विष’ लिहिलं. बाई समंजस होती.

दुसऱ्या दिवशी फ्रीझर उघडला तेव्हा सगळं कुटुंब हजर होतं. पहिली बाटली दगडासारखी गोठून फुगली होती, बूड गोल झालं होतं. दुसरी हलवली तर आत डुचमळत होतं. करंदीकरांची अकरा वर्षांची मुलगी ईरा दगडी बाटलीकडे बघून म्हणाली, “आंटी, दिस वन कॅन ईट ऑर नॉट?”

“नॉट,” आम्ही तिघे एकदम ओरडलो.

करंदीकरांनी फोटो काढले. पुरावा मिळाला, आणि त्यांनी गाडी घेतली. गाडीचं पाणी काढून कूलंट भरलं, बॅटरी नवी घातली, आणि माझ्या सल्ल्याने ऑल-सीझन टायर मागवून बसवले. या टायरच्या रबरात बारीक बारीक चिरा असतात. त्या बर्फाला धरून ठेवतात. हे वाक्य लक्षात ठेवा.

उरली सफाई. न्यूझीलंड शेतीवर जगणारा देश. बाहेरून येणाऱ्या गाडीत माती, बी, पान, किडा काहीही चालत नाही. बंदरावर अधिकारी टॉर्च घेऊन तपासतात. मी त्या गाडीवर दोन दिवस घातले. सीट काढल्या, कार्पेट काढलं, वायपरखालच्या जाळीत ब्रश घातला. तिथेच बाहेरची हवा आत जाते आणि तिथेच सगळा पाचोळा अडकतो. मग रिपोर्टवर सही केली : संपूर्ण स्वच्छ.

मिस्टर गोह म्हणाले, “मीनल, फर्स्ट टाइम वुई डू एक्सपोर्ट. इफ देअर साइड कम्प्लेन, नेक्स्ट टाइम नो मोअर.”

मी म्हणाले, “नो प्रॉब्लेम, बॉस.”

गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी शिपिंग एजंटकडे जायची होती. करंदीकरांचा फोन आला. “मॅडम, फक्त आजची संध्याकाळ गाडी घरी द्या. वृंदाची इच्छा आहे, पूजा करून पाठवावी. तुम्हीही या.”

यात नाही म्हणण्यासारखं काय आहे? पूजा केल्याशिवाय आपण स्कूटरसुद्धा रस्त्यावर काढत नाही. मी गेले. तेही साडी नेसून.

मल्टी-स्टोरी कारपार्कच्या चौथ्या मजल्यावर सगळी तयारी होती. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, झेंडूचा हार, डॅशबोर्डवर सुपारी. वृंदाने माझ्या हातात कुंकू लावलेल्या तांदळांची वाटी दिली. “ताई, तुम्ही पसंत केलीत गाडी. अक्षता पहिल्यांदा तुम्हीच टाका.”

मला भरून आलं, खरंच सांगते. माझ्या कामाचे लोक पैसे देतात, मान कोणी देत नाही. मी मूठभर अक्षता घेतल्या आणि काचेच्या दिशेने भरघोस टाकल्या.

मग लिंबं. आमच्याकडे पुढच्या दोन चाकांखाली ठेवतात. वृंदाने दोन ठेवली.

“दोनच?” करंदीकर म्हणाले. “ताकद चारही चाकांना जाते ना? मॅडम, तुम्हीच सांगितलंत.”

वृंदाने माझ्याकडे बघितलं. तज्ज्ञ म्हणून.

“तांत्रिकदृष्ट्या त्यांचं बरोबर आहे,” मी म्हणाले.

चार लिंबं चिरडून गाडी पुढे गेली. आम्ही टाळ्या वाजवल्या, पेढे खाल्ले. करंदीकरांनी फडक्याने बॉनेट पुसलं, सुपारी ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवली. मी समाधानाने एमआरटी मेट्रोने घरी गेले.

मे महिन्याच्या अखेरीस एजंटचा ईमेल आला. सोबत फोटो होते. तिकडच्या अधिकाऱ्यांनी गाडी अडवली होती. यादी अशी : वायपरखालच्या जाळीत लाल आवरणाच्या अज्ञात बिया, तेवीस. वाळलेल्या नारिंगी पाकळ्या. ग्लोव्ह बॉक्समध्ये एक अज्ञात कठीण फळ. आणि चारही टायरच्या बारीक चिरांमध्ये लिंबाच्या जातीच्या बिया, गरासकट.

त्या तेवीस बिया कोणी टाकल्या ते मला पक्कं माहीत होतं.

मिस्टर गोहनी माझा रिपोर्ट आणि ते फोटो शेजारी शेजारी ठेवले. “यू साइन क्लीन,” ते म्हणाले. “देन हू प्लांट द गार्डन?”

मी खरं सांगितलं. त्यांनी टायरचा फोटो जवळ ओढला. मग म्हणाले, “लेमन ऑल्सो यू?”

“लेमनला मी फक्त सल्ला दिला.”

पण बॉसपेक्षा वाईट वाटलं ते वृंदाच्या फोनचं. ती एकटीच पुढे गेली होती. ईराची शाळेची टर्म संपेपर्यंत करंदीकर इथेच होते. “ताई, सोमवारी जॉइन व्हायचंय,” ती म्हणाली. “सकाळी रस्त्यावर पांढरा थर असतो. जाऊ कशी?” आवाजात तक्रार नव्हती, म्हणून जास्त लागलं. मला माझी लाज वाटली. जिच्यासाठी सगळी यातायात केली, तिलाच मी माझ्या हाताने अडकवून ठेवलं होतं.

मी अधिकाऱ्यांना पत्र लिहिलं. लाल बिया म्हणजे पॉलिश केलेले तांदूळ, वर कुंकू. कठीण फळ म्हणजे सुपारी. हा गाडीला आशीर्वाद देण्याचा विधी आहे. चूक माझी आहे, मालकांची नाही.

उत्तर सभ्य होतं. गाडी पुन्हा धुऊन तपासून सोडण्यात येईल. मात्र एक शंका होती : लिंबाच्या बिया चारही चाकांत का सापडल्या, हे नोंदीसाठी कळवावे.

मी लिहिलं, “कारण गाडी ऑल-व्हील-ड्राइव्ह आहे.”

पाच मिनिटांत उत्तर आलं. “समजलं. धन्यवाद.”

गाडी अकरा दिवसांनी सुटली. तोवर वृंदाला शेजारच्या एका आजींनी क्लिनिकमध्ये सोडलं. आजी चौऱ्याहत्तर वर्षांच्या. गाडी जुनी, छोटी, फक्त पुढची दोन चाकं ओढणारी. चार चांगले विंटर टायर आणि डिकीत बर्फात चाकांना बांधायची चेन. वृंदाने त्यांना विचारलं, ऑल-व्हील नाही तर घाटात भीती नाही वाटत? आजी म्हणाल्या, “हळू चालवायचं.” सोळा वर्षांच्या अनुभवानंतर मी लिहिलेल्या आठ पानी रिपोर्टमध्ये हे दोन शब्द कुठेच नव्हते.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात पहिला मोठा बर्फ पडला. वृंदाचा मेसेज आला : गाडी एका झटक्यात सुरू झाली, घाट चढली, संध्याकाळी ट्रेलरवरून लाकडंही आणली. तोवर तिकडे पोचलेल्या करंदीकरांनी खाली जोडलं होतं : सुकी. माझा जीव भांड्यात पडला. पूजेमुळे झालं असं त्यांचं म्हणणं, कूलंटमुळे झालं असं माझं. वाद अजून चालू आहे.

मिस्टर गोहनी एक्सपोर्टचं काम माझ्याकडेच ठेवलं, पण आमच्या चेकलिस्टमध्ये शेवटी एक ओळ वाढवली : पूजा झाली का? हो किंवा नाही. ‘हो’ असेल तर सफाई पुन्हा. कुठलंही गिऱ्हाईक आलं, चिनी, मलय, कोणीही, तरी मला हा प्रश्न विचारावाच लागतो.

मागच्या महिन्यात मी स्वतःसाठी एक छोटी वापरलेली गाडी घेतली. कारपार्कमध्ये तिची पूजा केली. मिस्टर गोह मुद्दाम बघायला आले होते. त्यांनी वाकून चारही चाकांखाली नीट पाहिलं आणि विचारलं, “ओन्ली टू?”

“फ्रंट-व्हील-ड्राइव्ह, बॉस,” मी म्हणाले.